सेकंडहँड विमान घ्यायचंय: सेस्ना १७२ की पायपर आर्चर, आणि ठरवायचं कसं

जळगाव, धुळे, शिरपूर, तिन्हीकडे ट्रेनिंगची छोटी विमानं रोज डोक्यावरून घरघरत जातात, त्यामुळे आपल्याकडे कोणी पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन्स, काढलं की थोड्याच दिवसांत प्रश्न येतो, भाऊ स्वतःचं घ्यायचं झालं तर कोणतं घेऊ? आणि नव्वद टक्के वेळा प्रश्न दोनच विमानांवर येऊन थांबतो, एक सेस्ना १७२ आणि दुसरं पायपर आर्चर. दोन्ही चार सीटची, एका पिस्टन इंजिनची, चाकं आत न जाणारी, पंखा म्हणजे प्रोपेलर फिक्स पिचचा, पात्यांचा कोन न बदलणारा. म्हणजे भानगडी कमी. १७२ तर १९५६ पासून विकलं जातंय, आतापर्यंत ४४ हजारांच्या वर बनलीत, त्यामुळे पार्ट मिळत नाही असं सहसा होत नाही. आर्चर म्हणजे पायपरच्या पीए-२८ घराण्यातलं १८० हॉर्सपॉवरचं विमान, तेही जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये राबलेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. सेस्ना की पायपर हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुम्ही उडणार कुठे आणि कोणाला घेऊन. दुसरा, समोर असलेलं *ते* विमान, त्याच नंबरचं, आजवर कसं जगलंय. बरेच लोक उलटं करतात, आधी मॉडेलच्या प्रेमात पडतात आणि मग लॉगबुक, म्हणजे तासांची आणि कामांची नोंदवही, बघतात, तेही वरवर.

मी इथे १७२एस आणि आर्चर थ्री धरून बोलतोय, कारण दोघांचं वय जवळपास सारखं, दोन्हीत लायकमिंग कंपनीचं १८० हॉर्सपॉवरचं ३६० इंजिन, दोन्हीचं कमाल टेकऑफ वजन २५५० पाउंड म्हणजे ११५७ किलो. जुनी १७२एन, १७२पी किंवा पायपरचंच वॉरियर बघत असाल तर हिशेब तोच, फक्त ताकद १६० धरा. आणि १७२एन असेल तर इंजिनाच्या पाटीवर ओ-३२०-एच२एडी लिहिलंय का बघा, त्या इंजिनाची कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) खराब होण्याची ख्याती जुनी आहे, ते घेऊच नये असं नाही पण भाव त्या हिशेबाने झाला पाहिजे.

आता उडणार कुठे. खान्देशातून बघा, जळगावहून जुहू सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर, दोन्ही विमानं ११५ नॉटच्या आसपास आरामात चालतात म्हणजे पावणेदोन तास धरा. संभाजीनगर सव्वाशे किलोमीटर, इंदूर दोनशेच्या आत पण मध्ये सातपुडा, आणि जळगाव-धुळे किंवा जळगाव-शिरपूर तर अर्ध्या तासाच्या आतलं काम. वेगात दोघांत जो फरक आहे तो ब्रोशरमध्ये दिसतो, घड्याळात नाही. जुहूला जाताना चार-पाच मिनिटं वाचली म्हणून कोणी विमान निवडत असेल तर त्याने खुशाल निवडावं.

खरा फरक पाडतो तो वजनाचा हिशेब आणि आपला उन्हाळा.

वजनाचं असं की चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसतील असं नसतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. १७२एसमध्ये वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, म्हणजे २०० लिटर, आणि ॲवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला ७२० ग्रॅम धरलं तर १४४ किलो. समजा त्या विमानाचा युजफुल लोड, म्हणजे माणसं, सामान आणि इंधन मिळून उचलता येणारं वजन, ३९० किलो आहे. टाक्या फुल्ल केल्या की उरले २४६ किलो. आपल्याकडची तीन धष्टपुष्ट माणसं बसली की संपलं, मग पिशवीभर केळीही नको. आर्चरमध्ये इंधन ४८ गॅलन, १८२ लिटर, १३१ किलो, म्हणजे तिथे टाकी फुल्ल केली तरी तेरा किलो वाचतात, अर्थात तेवढं इंधनही कमी. पण हे आकडे मॉडेलचे झाले. खरा युजफुल लोड त्या विमानाच्या वेट अँड बॅलन्सच्या शेवटच्या कागदावर असतो, आणि वीस-पंचवीस वर्षांत कोणी रेडिओ बदलला, कोणी रंग दिला, कोणी सीटला जाड लेदर चढवलं, असं करत करत सारख्याच दोन १७२एसमध्ये वीस-तीस किलोचा फरक निघू शकतो. शेवटचं वजन प्रत्यक्ष काट्यावर केलंय की नुसतं बेरीज-वजाबाकी करून लिहिलंय, हे विचारा.

उन्हाळ्याचं गणित त्याहून वाईट. जळगावचं एअरपोर्ट समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे फुटांवर. त्या उंचीवर स्टँडर्ड तापमान धरतात १३ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४४. म्हणजे ३१ अंश जास्त, आणि दर अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे एवढी पातळ हवा एरवी ज्या उंचीवर असते ती उंची, जातं साडेचार हजार फुटांच्या आसपास. विमान उभं जळगावात पण इंजिनाला वाटतंय आपण तोरणमाळच्याही वर आहोत. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला तीनेक टक्के ताकद सोडतं, म्हणजे १८० चे राहिले दीडशे-पंचावन्न, आणि पंखा नि पंखही त्याच पातळ हवेत काम करतायत. रनवे पुरतो हो, चढ पुरत नाही. इंदूरला जायचं तर सातपुड्यावरून जावंच लागतं आणि दुपारी डोंगरावर थर्मल उसळलेले असतात. त्यामुळे या भागात घ्यायचं तर १६० पेक्षा १८० हॉर्सपॉवरचंच घ्या असं मी म्हणतो, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत खाली उतरायची सवय ठेवा. ज्या दोन विमानांत तुमची निवड चाललीय त्या दोघांच्या पीओएचमधला, म्हणजे विमानाच्या पुस्तकातला, क्लाइंबचा तक्ता काढा, ४० अंशाचा रकाना बघा, आणि मगच घरच्यांना कुठे कुठे नेणार ते ठरवा.

आता दोघांच्या स्वभावातला फरक, पटापट सांगतो.

सेस्नाचा पंख वर. म्हणजे खालचं शेत, नदी, कॅनॉल सगळं दिसतं, उन्हात उभं असेल तर पंखाची सावली, दोन्ही बाजूंना दरवाजे. पण टाकीत डिपस्टिक घालायची तर शिडी लावा नाहीतर वर चढा. आर्चरचा पंख खाली, इंधन भरणं आणि मोजणं जमिनीवर उभं राहून होतं, आडव्या वाऱ्यात टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) ते जरा घट्ट वाटतं, पण दरवाजा एकच, तोही उजवीकडे, म्हणजे पंखावर पाय देऊन आधी पायलटने आत सरकायचं आणि मग बाकीच्यांनी. आईला किंवा आजीला गुडघ्याचा त्रास असेल तर हे प्रत्यक्ष बसवून बघा. आणि वर काचेचं छप्पर नसलं तरी आर्चरच्या केबिनवर ऊन सरळ पडतं, एसी नसेल तर मे महिन्यात टॅक्सी करतानाच शर्ट पिळायला येतो.

इंधनाचा खटका. सेस्नात सिलेक्टर ‘बोथ’ वर ठेवला की दोन्ही टाक्यांतून येतं. आर्चरमध्ये बोथ नाही, डावी किंवा उजवी, आणि तुम्ही स्वतः साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलायचं, बदलताना इलेक्ट्रिक पंप चालू करायचा. सवय झाली की काही नाही, पण महिन्यातून एकदा उडणाऱ्या माणसाने हे मनात धरावं, कारण एक टाकी भरलेली असताना दुसरी कोरडी होऊन इंजिन बंद पडणं हा या जातीच्या विमानांचा जुना अपघात आहे. ड्रेन करायचे पॉइंट मात्र उलट, १७२एसला तेरा आणि आर्चरला तीन. पावसाळ्यात रोज सकाळी तेरा ठिकाणी वाकून पाणी बघायचंय, लक्षात ठेवा.

आणि गरम इंजिन चालू करणं. १७२एसचं आयओ-३६० फ्युएल इंजेक्शनचं आहे, उन्हात उतरून अर्धा तास चहा प्यायला आणि परत स्टार्ट करायला गेलात की पाइपात इंधनाची वाफ झालेली असते आणि मग ते आढेवेढे घेतं, बॅटरी संपेपर्यंत क्रँक करणारे लोक मी पाहिलेत. पद्धत शिकली की जमतं. आर्चरचं ओ-३६० कार्ब्युरेटरचं, ते यात गरीब गायीसारखं वागतं, त्याला कार्ब आइसची, म्हणजे कार्ब्युरेटरात बर्फ धरण्याची, काळजी असते पण आपल्याकडे ती पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या दमट सकाळी. फ्लॅप आर्चरचे हाताच्या दांड्याने, सेस्नाचे मोटरने. एक मोटर कमी म्हणजे एक बिघाड कमी, मला दांडा आवडतो.

एवढं सगळं झाल्यावरही निर्णय होत नाही, कारण वरच्या प्रत्येक गोष्टीला दोन्ही बाजू आहेत. निर्णय होतो लॉगबुकात.

आमच्या नात्यातले एक दाजी आहेत, पाचोऱ्याकडे जिनिंग आहे त्यांचं, त्यांच्यासमोर नेमकी ही दोन विमानं आली होती. एक १७२एस, एकूण ३,२०० तास, इंजिन ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून नव्याने बांधल्यावर) फक्त ४५० तास चाललेलं, रंग चकाचक, आतून नव्या गाडीचा वास. दुसरं आर्चर थ्री, एकूण ७,८०० तास, सगळे फ्लाइंग स्कूलमधले, इंजिन ओव्हरहॉलनंतर १,३०० तास, सीट फाटलेल्या, रंग उन्हाने पांढुरका. दाजी म्हणाले, यात विचारायचं काय, पहिलंच घेऊ, ते तर नवंच आहे. मी म्हटलं दाजी, बैल घेताना अंगावरची झूल बघता की दात बघता? मग दात बघू की जरा.

दात म्हणजे लॉगबुक. इंजिनाचं वेगळं, प्रोपेलरचं वेगळं, एअरफ्रेमचं वेगळं, तिन्ही पहिल्या पानापासून. मध्ये एखादं हरवलं असेल तर तिथेच भावाचा मोठा तुकडा पाडा, आणि इंजिनाचंच हरवलं असेल तर नमस्कार करून उठा. १७२एसचं इंजिन लॉग उघडलं तर ओव्हरहॉल २००९ चं, आणि गेल्या तीन वर्षांत नोंदी वर्षाला सहा तास, चार तास, मग नुसती जमिनीवर चालवून बघितल्याची एक ओळ. इथे कान टवकारायचे. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो, विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं, मग चार पावसाळे त्या उघड्या लोखंडावर दमट हवा. गंज धरला की कॅम आणि टॅपेट एकमेकांना खातात आणि तो भुगा तेलातून सगळीकडे फिरतो. जमिनीवर दहा मिनिटं चालवल्याने तर अजून वाईट, तेल पुरतं तापत नाही आणि ओलावा आतच राहतो. म्हणून लायकमिंग सांगतं की २,००० तास होवोत न होवोत, बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करा. त्या हिशेबाने ते ४५० तासांचं ‘नवं’ इंजिन केव्हाच मुदतीबाहेर गेलेलं. आर्चरचं ओव्हरहॉल २०१९ चं, १,३०० तास झाले म्हणजे जवळपास रोज उडालंय, दर पन्नास तासाला तेल बदललेलं, प्रत्येक वेळी फिल्टर कापून बघितल्याची नोंद आणि सही. मला विचाराल तर ७०० तास शिल्लक असलेलं ते इंजिन जास्त खात्रीचं.

आता आर्चरचे दात. ४ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत डेटोना बीचला पीए-२८ घराण्यातल्याच एका ट्रेनिंग विमानाचा पंख हवेत तुटला, दोघे गेले. तपासात पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे आतल्या तुळईला, बोल्टच्या भोकापाशी फटीग क्रॅक, वापराने पडलेली चीर, निघाली. त्यावरून एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याने, २०२०-२६-१६ नंबरचा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) काढला, आणि आपल्याकडेही डायरेक्टिव्ह पाळावे लागतात. त्यात एक हिशेब आहे तो नीट समजून घ्या. विमानाचे किती १००-तासी इन्स्पेक्शन झाले ते मोजा, त्याला शंभरने गुणा, म्हणजे स्कूलचे किंवा भाड्याचे तास. एकूण तासांतून ते वजा करा आणि उरलेले भागिले १७. दोन्हीची बेरीज ५,००० झाली की स्पारची एडी करंट (विजेच्या प्रवाहाने चीर शोधायची) तपासणी. दाजींसमोरच्या आर्चरचे ७,८०० च्या ७,८०० तास स्कूलचे, म्हणजे सरळ ७,८००, तपासणी झालेलीच पाहिजे. उलट एखादं आर्चर २,००० तास स्कूलमध्ये आणि ३,००० तास मालकाकडे उडालं असेल तर २,००० अधिक १७६, म्हणजे २,१७६, त्याला अजून वेळ आहे. रिपोर्ट मागा. ‘झालंय हो ते’ असं तोंडी चालत नाही, तारीख, तास, कोणी केलं, निकाल काय, सगळं कागदावर. आणि काम कोणी केलं हेही महत्त्वाचं, कारण बोल्ट काढता-घालताना भोकाला चरा पडला तर तपासणीनेच नवीन दुखणं लावलं असं होतं.

सेस्नाला स्पारचं हे झंझट नाही, पण तिची स्वतःची दुखणी आहेतच. शिकाऊ पोरं नोजव्हीलवर आपटतात आणि तो मार फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, लागतो, म्हणून इंजिनाचं काउलिंग म्हणजे झाकण काढायला लावून फायरवॉलच्या खालच्या भागात सुरकुत्या, नवीन रिव्हेट, पॅच बघा. सीटच्या रेल बघा, भोकं लांबट झिजली की पिन सुटते आणि टेकऑफला नाक वर केलं की सीट पायलटसकट मागे घसरते, यावरही डायरेक्टिव्ह आहे. आर्चरला नोज आणि मेन दोन्हीकडे ओलिओ स्ट्रट (तेल-हवेचे शॉकअप), ते बसलेले दिसले, तेलकट दिसले तर सील गेलेत, ते फार महाग नाही पण मालकाने विमान कसं ठेवलंय याचा अंदाज येतो.

प्रोपेलरबद्दल एकच प्रश्न विचारा, हा कधी कशाला लागलाय का. पंखा जमिनीला, कुत्र्याला, टो-बारला (विमान ओढायच्या दांड्याला), कशालाही आपटला असेल तर इंजिन उघडून तपासणं आलं. पंखा नवा आणि त्याच तारखेच्या आसपास इंजिन लॉगमध्ये काहीच नाही, असं दिसलं तर मालकाच्या डोळ्यात बघून परत विचारा.

इन्स्पेक्शनचा दिवस. स्वतःचा एएमई, म्हणजे विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर, न्या, ज्याच्याकडे त्या टाइपचं लायसन्स आहे, आणि ज्याने हे विमान आजपर्यंत मेंटेन केलंय तो नको. त्याची फी द्या, जेवण द्या, गाडी पाठवा, यात काटकसर करू नका. विमान सकाळी गरम व्हायच्या आत बघा, इंजिन थंड असताना स्टार्ट कसं होतं ते कळतं, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ठेवलं ते विचारा. मग उडवून आणून गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, ८० पीएसआय हवा आत सोडायची आणि किती टिकते बघायचं, चारही सिलिंडर सत्तरीत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर चांगलं, एक ७४ आणि एक ६१ असेल तर त्या एकसष्टवाल्याची हवा कुठून निघतेय ते कान लावून ऐका, एक्झॉस्टमधून फुसफुसतेय तर व्हॉल्व्ह, तेलाच्या नळकांड्यातून तर रिंग. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघायला लावा, व्हॉल्व्हवरचा रंग मध्यापासून कडेपर्यंत सारखा हवा, एकाच कडेला हिरवट-लालसर चट्टा म्हणजे तो व्हॉल्व्ह जळायला लागलाय. तेलाचा फिल्टर काढून तुमच्यासमोर कापा, कागदाची घडी उलगडून उन्हात धरा, चमकणारे कण दिसले तर चुंबक लावा, चिकटले म्हणजे लोखंड, म्हणजे बहुतेक कॅम नाहीतर टॅपेट. दाजींच्या त्या चकाचक १७२एसच्या फिल्टरमध्ये मिरचीच्या बीएवढे नाही पण केसासारखे बारीक तुकडे निघाले आणि चिकटले. दाजी काहीच बोलले नाहीत, फक्त खिशातला रुमाल काढून हात पुसत बसले.

खान्देशात उभ्या राहिलेल्या विमानाचं आणखी एक बघायचं ते म्हणजे उंदीर. आजूबाजूला कापूस, मका, ज्वारी, काढणी झाली की उंदीर हँगरकडे येतात, आणि पंखाच्या आत किंवा शेपटीकडे घर करतात. त्यांचं मूत ॲल्युमिनियमला खातं. इन्स्पेक्शन प्लेट उघडा, बॅटरीचा उजेड टाका, नाक लावा, वास लपत नाही. कुंभारीण माशीने पिटोट ट्यूबमध्ये (वेग मोजायच्या नळीत), ड्रेनमध्ये, टाकीच्या व्हेंटमध्ये मातीचं घर केलंय का बघा. काळ्या मातीची धूळ असतेच, एअर फिल्टरच्या मागच्या डक्टमध्ये बोट फिरवा, तिथे माती लागली तर ती इंजिनात गेलीय. आणि पंखाच्या वरच्या बाजूवर तिरप्या उजेडात गारांचे पोचे बघा, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चला गारपीट होते, बाहेर बांधलेल्या विमानाचं दहा मिनिटांत भांडं होतं.

त्यावरूनच, हँगर मिळत नसेल तर विमान घेऊ नका. गारपीट एक, मे-जूनमधल्या वळवाच्या आधीची वावटळ दुसरी, दोर ढिले असतील तर हे हजार किलोचं विमान उलटं होतं. हँगरची जागा आधी पक्की, मग विमान.

आणि तुमच्या फील्डवर कोणत्या जातीची विमानं उडतात ते बघा, खरंतर मॉडेलचा निर्णय मी यावरच करतो. शेजारच्या स्कूलकडे सेस्ना असतील तर सेस्नाचा एएमई, सेस्नाचे टायर, ब्रेक पॅड, प्लग, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) सगळं पन्नास मीटरवर, तिथे तुम्ही एकटे आर्चर घेऊन बसलात तर प्रत्येक सहीसाठी माणूस बाहेरून बोलवा. उलट असेल तर उलट. इंधनाचंही तेच. ॲवगॅस १०० एलएल इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीत बनवतं, म्हणजे तसं आपल्या शेजारीच, पण तुमच्या फील्डवर बॅरल कोण आणतं, तुम्हाला देणार का, कोणत्या भावाने, हे लेखी ठरवा. दोन्ही विमानं तासाला ३५ लिटरच्या आसपास पितात. आणि कोणी म्हणालं की पंपावरचं पेट्रोल चालतं तर ऐकू नका, आपलं पेट्रोल आता ई२० आहे, वीस टक्के इथेनॉल, ते रबरी सील आणि पाइप खातं, या विमानांना त्याची परवानगी नाही.

कागदांचं थोडक्यात. व्हीटी नंबरचं, म्हणजे भारतात नोंदलेलं, देशातच असलेलं विमान घ्या, परदेशातून जुनं आणायला गेलात तर डीजीसीएची वयाची अट, परवानगी, कस्टम यात वर्ष जातं. सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्रेशनवर नाव कोणाचं, बँकेचा बोजा आहे का, सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस कोणत्या कॅटेगरीचं, एआरसी, म्हणजे त्या एअरवर्दीनेसच्या फेरतपासणीचा कागद, कधीपर्यंत, हे बघा. एआरसी संपलेलं विमान स्वस्त मिळतं पण ते तसंच उडवून घरी आणता येत नाही, तिथूनच खर्च सुरू. खासगी वापराचं विमान भाड्याने देता येत नाही, म्हणजे ‘चार लोकांना फिरवून खर्च काढू’ हे डोक्यातून काढा, भागीदारीत घ्या हवं तर. टॅक्ससाठी सीएला आधीच विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के झालाय, तुमच्या व्यवहाराला तो कसा लागतो हे विकणारा कोण आहे यावर ठरतं.

आता दोन भाव एका रेषेवर आणायचे कसे. ओव्हरहॉलचं आजचं कोटेशन घ्या, शिपिंग आणि ड्यूटीसकट. इंजिन २,००० तासांचं धरा. आर्चरचे १,३०० गेले म्हणजे ६५ टक्के इंजिन वापरलं, तर कोटेशनच्या ६५ टक्के रक्कम मनात त्याच्या भावात मिळवा. १७२एसचे तास ४५० म्हणून २२ टक्के मिळवायचे का? नाही, १२ वर्षं उलटली आणि फिल्टरमध्ये लोखंड, म्हणजे शंभर टक्के मिळवा. मग मॅग्नेटोचं ५०० तासांचं काम, ईएलटीची (अपघात झाला की सिग्नल देणाऱ्या यंत्राची) बॅटरी, प्रोपेलरचं ओव्हरहॉल, सीट, रंग, जे जे बारा महिन्यांत येणार ते दोन्हीकडे लिहा. रंग आणि सीट नेहमी शेवटी लिहा, ते पैशाने कधीही होतं. असं लिहिल्यावर दाजींचं ‘स्वस्तातलं नवं’ १७२एस त्या पांढुरक्या आर्चरपेक्षा महाग निघालं, आणि मालक इंजिनाचे पैसे कमी करायला तयार नव्हता. त्याने केले असते तर मी सेस्नाच घ्या म्हटलं असतं, कारण एअरफ्रेम खरंच कमी चाललेली होती आणि नव्या इंजिनावर ती पुढची पंधरा वर्षं गेली असती.

टोकन देताना करारात एक वाक्य घाला, की इन्स्पेक्शनमध्ये एअरवर्दीनेसचा दोष निघाला तर एकतर विकणाऱ्याने दुरुस्त करून द्यायचा नाहीतर टोकन पूर्ण परत. आणि उरलेले पैसे रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर झाल्यावर, तिन्ही लॉगबुक हातात आल्यावर. दाजींनी आर्चर घेतलं, स्पारचा रिपोर्ट मूळ प्रत मागून घेतला, आणि सीट अजून तशाच फाटक्या आहेत, ताई चादर टाकून बसतात.